सांगलीत टॅपवरची (नळातून ग्लासात भरून देतात ती) ताजी क्राफ्ट बिअर, म्हणजे छोट्या ब्रूअरीत थोडी थोडी बनवलेली बिअर, का येत नाही?

कृष्णाकाठ_सांगली
मंडळी नमस्कार. पुण्यात बरीच वर्षं नोकरी केली, आता घरच्या धंद्यासाठी कायमचा सांगलीत आलोय, विश्रामबागला राहतो. बाकी सगळं झकास आहे पण ताजी बिअर मात्र मनापासून मिस करतोय. पुण्यात २००९ ला डूलॅली हा स्वतःची बिअर बनवून विकणारा पब सुरू झाला आणि तिथून पुढं मुंढवा काय, कोरेगाव पार्क काय, कुठंही बसा, गव्हाची हेफेवायझन, धने आणि संत्र्याची साल घातलेली बेल्जियन विट, स्टाऊट, आयपीए, ज्याला जे आवडतं ते समोर भरून मिळतं. इकडं सांगली मिरजेत कुठल्याही परमिट रूमला टेका, वेटर एवढंच विचारतो, स्ट्राँग का माईल्ड.

मागच्या महिन्यात एका बिअर शॉपीत गव्हाच्या बिअरचे कॅन दिसले म्हणून हौसेनं घेतले. घरी आल्यावर खालची तारीख बघितली तर माल भरून पाच महिने झालेले, आणि दुकानात तो वरच्या फळीवर होता, फ्रिजमधे नाही. केळ्या-लवंगेचा जो वास यायला पाहिजे तो गायब आणि ओल्या पुठ्ठ्याची चव. ज्यानं बनवली त्याच्या कष्टाचं वाईट वाटलं खरं सांगतो.

आता माझा प्रश्न. चितळ्यांचं दूध भिलवडीहून रोज पुण्याला थंडगार पोचतं, मग पुण्याची बिअर त्याच रस्त्यानं इकडं थंड का येऊ शकत नाही? कायदा आडवा येतो, का इथं गिऱ्हाईक नाही, का कुणी मनावरच घेत नाही? या लाईनमधलं कुणी असेल तर जरा खुलासा करा.

होलसेल_मिरज
दादा मी डिस्ट्रिब्युशनमधे आहे, सांगली आणि साताऱ्याचा काही भाग बघतो, म्हणून दुकानदाराच्या बाजूनं सांगतो.

पहिलं म्हणजे महाराष्ट्रात होलसेल खाजगी आहे, एफएल-१ लायसनवाले. कर्नाटकात सगळा माल केएसबीसीएल या सरकारी महामंडळातून फिरतो, तमिळनाडूत तर दुकानंच टास्मॅक या सरकारी महामंडळाची. आपल्याकडं कुठला ब्रँड कुठल्या जिल्ह्यात उतरवायचा हे कंपनी आणि डिस्ट्रिब्युटर बसून ठरवतात. म्हणजे सांगलीत अमुक बिअर नाही याचा अर्थ बंदी आहे असा नाही, तिच्यात पैसे अडकवायला कुणी तयार नाही एवढाच आहे. स्ट्राँगचे बॉक्स सोमवारी उतरवले तर शुक्रवारी परत ऑर्डर येते. क्राफ्टची २४ पाईंटची एक केस दुकानात महिना महिना हलत नाही. दुकानदाराचा फ्रिज एवढाएवढासा, एप्रिल-मे मधे त्याला त्यात खपणारा माल गार करायचा असतो, मग तुमचे कॅन वरच्या फळीवर जातात. त्याला दोष देऊन उपयोग नाही, त्याला त्यातला फरक कुणी सांगितलेलाच नसतो. कंपनीचा माणूस येतो, स्कीम सांगतो, बोर्ड लावतो आणि जातो, ही बिअर गारच ठेवा असं सांगणारा मी तरी क्वचित बघितलाय.

दुसरं लेबल. प्रत्येक राज्यात प्रत्येक लेबलची वेगळी नोंदणी लागते, फी भरा, दरवर्षी रिन्यू करा. शंभर बॉक्स विकणाऱ्याला पण लागते आणि लाखभर विकणाऱ्याला पण. बाहेरच्या राज्यातून माल आणला की त्यावर इम्पोर्टची फी वेगळी. ही लेबलची भानगड किती मोठी आहे ते बिरा या बिअर कंपनीचं बघा. २०१५ ला बेल्जियममधे बनवून इथं आणलेली बिअर, काही वर्षांत देशभर पोचली. पुढं कंपनीनं नावातला प्रायव्हेट हा शब्द काढला, म्हणजे कायद्यानं कंपनीचं नाव बदललं, झालं, राज्याराज्यात लेबलं नव्यानं नोंदवायला लागली, कित्येक महिने विक्री थांबली आणि जुन्या नावाचा ८० कोटींचा माल राईट ऑफ करायला, म्हणजे तोट्यात धरायला लागला. एवढ्या मोठ्याची ही गत, तर चार टाक्या घेऊन बसलेला गोव्याचा नाहीतर बंगळूरचा छोटा ब्रूअर सांगलीसाठी कशाला हा व्याप करेल.

पोवईनाका
साताऱ्यात वेगळं काही नाही. पुण्यापासून जेमतेम ११० किलोमीटर, खंबाटकी उतरलं की आलंच, तरी टॅपच्या नावानं शून्य. आमच्या इथं हायवेचा पण विषय झाला होता, सुप्रीम कोर्टाच्या निकालानं १ एप्रिल २०१७ पासून हायवेपासून ५०० मीटरच्या आतली दुकानं आणि बार बंद झाले, नंतर शहर हद्दीतल्यांना सूट मिळाली पण त्या मधल्या काळात ज्यांचं दिवाळं वाजायची वेळ आली ते आजपण नवीन मशीन, नवीन फ्रिज म्हटलं की हात आखडता घेतात.

आणि एक कळकळीनं सांगतो, गोव्याहून येताना डिकीत चार केस टाकून आणू नका. तिकडं क्राफ्टची चांगली व्हरायटी आहे, टॅक्स कमी आहे, सगळं मान्य, पण गोव्यात विक्रीसाठीची दारू महाराष्ट्रात आणणं हा दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. गोव्याच्या सीमेजवळ इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या उघडून बघतात. आमच्या ओळखीतल्या एका पोराची गाडी जप्त झाली, कोर्टाच्या वाऱ्या अजून चालूच आहेत.

माल्टवाला_वाई
मी मूळचा वाईचा, पुण्यात ब्रूपबमधे, म्हणजे जिथं बिअर बनवून तिथंच विकतात अशा पबमधे, टाक्यांवर काम केलंय. चितळ्यांच्या दुधाचा प्रश्न एकदम बरोबर विचारलाय म्हणून सविस्तर लिहितो.

मोठ्या कंपनीची बाटली पाश्चराईज केलेली असते, बाटली भरली की साठ अंशाच्या आसपास गरम पाण्याच्या बोगद्यातून फिरवतात, यीस्ट मरतं, म्हणून ती दुकानात सहा महिने राहते. आमची बिअर पाश्चराईज करत नाहीत, बहुतेक वेळा गाळत पण नाहीत, गव्हाच्या बिअरला तो गढूळपणा पाहिजेच असतो. म्हणजे केगमधे (बिअरच्या स्टीलच्या पिंपात) यीस्ट जिवंत आहे. दोन ते चार अंशात ठेवलं तर ते गप झोपून राहतं आणि बिअर काही आठवडे छान टिकते. सांगलीच्या उन्हाळ्यात तोच केग टेम्पोच्या हौद्यात दुपारभर राहिला तर आतलं प्रेशर वाढतं, चव बिघडते, आणि एकदा बिघडलेली परत गार करून सुधरत नाही. आयपीएचं तर अजून नाजूक, हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा, वास सगळ्यात आधी उडतो. हॉप्स बहुतेक परदेशातून येतात आणि महाग असतात, असं वाया गेलेलं बघवत नाही.

कायद्याचं म्हणाल तर महाराष्ट्रात मायक्रोब्रूअरीला (छोट्या ब्रूअरीला) आपला केग दुसऱ्या लायसनवाल्या बारला देता येतो. मुंबईत गेटवे या कंपनीची बिअर डोंबिवलीत बनते आणि शहरभरच्या बारमधे जाते. कर्नाटकात तसं नाही, बंगळूरात एवढे ब्रूपब आहेत पण जिथं बनवली तिथंच विकायची. म्हणजे या बाबतीत आपला नियम चांगला आहे. अडतं ते गाडीपाशी. दुधाचा टँकर रोज भरून जातो म्हणून थंड गाडीचा खर्च लिटरमागं काहीच वाटत नाही. सांगलीला आठवड्याला दोन केग पाठवायचे तर रेफर (थंड) गाडी परवडत नाही, शिवाय प्रत्येक खेपेला एक्साईजचा ट्रान्सपोर्ट पास. दहा केगची ऑर्डर असेल तर गणित बदलतं.

आणि बारवाल्याच्या बाजूनं सांगायचं तर नुसता केग आणून भागत नाही. गार ठेवायला जागा, सीओटू सिलिंडर, रेग्युलेटर, नळ, आणि महत्त्वाचं म्हणजे नळाची पाईप दर दोन आठवड्याला केमिकलनं धुवायची. पाईप घाण असेल तर जगातली भारी बिअर पण आंबट लागते, आणि गिऱ्हाईक म्हणणार क्राफ्ट असलीच असते वाटतं. त्यापेक्षा नसलेली बरी.

पलूसचा_द्राक्षवाला
मला यात बोलायचंय कारण आम्ही हे वाईनच्या वेळी भोगलंय. २००१ ला सरकारनं वाईनचं धोरण आणलं, महाराष्ट्रातल्या द्राक्षाच्या वाईनला एक्साईज माफ केली, पलूसला वाईन पार्क झालं. बनवायला आम्ही कमी पडलो नाही. द्राक्षं आमची, टाक्या आल्या, लोकं शिकली. पण बाटली मुंबई-पुण्याच्या फळीवर चढवायला जो पैसा आणि जी माणसं लागतात ती कुणी दिली नाहीत, त्यात २००८ ची मंदी आली आणि राज्यातल्या बऱ्याच वायनऱ्या बसल्या. ज्यांच्याकडं विकायची साखळी होती ते तगले. आता बिअर उलट्या दिशेनं यायची आहे एवढाच फरक, दुखणं तेच. जिल्ह्याच्या गावाला कायम शेवटी मोजतात आणि वर म्हणतात तिकडं मार्केट नाही. माल ताजा कधी आणलाच नाही तर मार्केट आहे का नाही ते कळणार कसं?

कृष्णाकाठ_सांगली
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नीट कुणी समजावून सांगितलं नव्हतं. पलूसच्या दादांचं शेवटचं वाक्य तर अगदी पटलं. माल्टवाले, दहा केग म्हणालात ते जरा फोडून सांगा ना, सांगली-मिरजेतल्या दोन बारवाल्यांशी माझी ओळख आहे, बोलून बघतो म्हणतो.

माल्टवाला_वाई
बोला की. २० लिटरचा केग धरा, ३३० मिलीच्या हिशोबानं साठ ग्लास, फेसात थोडं जातं ते सोडून. एकदा टोचला, म्हणजे नळाला जोडला, की आठवडा-दहा दिवसात संपला पाहिजे. म्हणजे एका बारनं दोन नळ लावले तर त्याला दिवसाला बारा-पंधरा ग्लास जायला पाहिजेत, सांगलीत शनिवार-रविवार धरून ते अशक्य नाही. पण एकट्या सांगलीनं गाडी भरणार नाही. सातारा, कऱ्हाड, सांगली, कोल्हापूर अशी एका दिवसाची लाईन लागली, प्रत्येक ठिकाणी दोन-तीन केग उतरले, तर पुण्याचा ब्रूअर विचार करेल. रात्री गाडी सोडायची, उजाडायच्या आत पेठ नाक्याला, ऊन चढायच्या आधी केग आत.

सुरुवात आयपीएनं करू नका, कडू लागली की लोकं परत येत नाहीत. गव्हाची आणि सायडर (सफरचंदाच्या रसाची), या दोनच.

होलसेल_मिरज
कऱ्हाडचा एक बारवाला मला स्वतःहून टॅपचं विचारत होता, त्याला गाठतो. दादा तुम्ही तुमच्या दोघांना एवढंच विचारा की केगसाठी वेगळा कूलर ठेवायला जागा आणि इन्व्हर्टरवर चालेल अशी लाईन आहे का, कारण आपल्याकडं लाईट गेली की दोन दोन तास येत नाही. ते हो म्हणाले तर पासचं आणि कागदपत्रांचं मी बघतो.

पोवईनाका
साताऱ्यातून एक नाव मी देतो, रविवारी फोन करून सांगतो.