सी ड्राइव्ह गच्च भरलाय, डॉक्युमेंट्स आणि फोटो डीवर कसे न्यायचे?

जकार्डवाली

नमस्कार मंडळी. सोलापुरात अशोक चौकाजवळ राहते. मिस्टरांचे चार माग अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, आणि टॉवेल-चादरींची डिझाइनं मी घरी कॉम्प्युटरवर करते. विंडोज १०, आठ जीबी रॅम.

दोन वर्षांपूर्वी एका दुकानदाराने १२० जीबीचा एसएसडी (वेगवान डिस्क) सी म्हणून बसवून दिला आणि जुनी एक टीबीची हार्डडिस्क डी म्हणून ठेवली. म्हणाला, "ताई, आता बघायलाच नको." मीही बघितलं नाही. आता कळतंय की माझं सगळं सीवरच साठत गेलंय आणि डी ओसाड पडलाय. सीची पट्टी लालभडक, १.८ जीबी शिल्लक.

परवा एका लॉजच्या टॉवेलवर नाव विणायचं डिझाइन करत होते. जकार्डचं, म्हणजे मागावर नक्षी विणायचं डिझाइन म्हणजे ग्राफच असतो ओ, उभा धागा वर की आडवा वर, ते एकेका चौकोनात ठरवायचं. 'क्ष' हे अक्षर चौकोनांत बसवताना काय होतं ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत, शेपूट नीट आलं नाही की टॉवेलवर मुंगळा दिसतो. दोन तास बसून जमवलं, सेव्ह करायला गेले तर जागा नाही. शेवटी लेकाचे गेमचे व्हिडिओ उडवून सेव्ह केलं. घरात अबोला चालू आहे.

मग शहाणपणा केला. सीमधल्या 'युजर्स'मध्ये गेले, माझ्या नावाचं अख्खं फोल्डर कट करून डीवर पेस्ट केलं. थोडं सरकलं आणि 'ही फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे' असं एकामागून एक येत राहिलं. घाबरून कॅन्सल केलं. आता गड्ड्याच्या जत्रेचे फोटो अर्धे इकडे, अर्धे तिकडे. कॉम्प्युटर चालू आहे, पण बंद करायची हिंमत होत नाही. काय करू?

होटगीरोडकर

ताई, आधी पाणी प्या. फोटो कुठेही गेलेले नाहीत. कट-पेस्ट मध्येच थांबवलं की जे पोचलं ते डीवर, जे राहिलं ते सीवर.

तुमच्या नावाचं अख्खं फोल्डर हलवायचं नसतं. त्यात 'ॲपडेटा' नावाचं लपवलेलं फोल्डर असतं, प्रोग्रॅमांच्या सेटिंग्ज सगळ्या तिथे. विंडोज चालू असताना ते वापरात असतं, म्हणून ते मेसेज. 'ॲपडेटा'तलं काही डीवर गेलं असेल तर ते आधी जागच्या जागी परत ठेवा, आणि मगच मशीन रीस्टार्ट करा.

मग हे करा. डीवर 'डेटा' नावाचं एक फोल्डर, त्यात डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स, व्हिडिओज अशी चार वेगळी फोल्डरं. नावं इंग्रजी अक्षरांतच द्या, जुन्या डिझाइन सॉफ्टवेअरला देवनागरी नावाचा रस्ता बऱ्याचदा वाचता येत नाही. आता सीवरच्या डॉक्युमेंट्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, त्यात 'लोकेशन'चा टॅब, 'मूव्ह' दाबून डीवरचं नवं डॉक्युमेंट्स निवडा आणि अप्लाय. जुन्या फाइली पण नेऊ का असं विचारेल, हो म्हणा. असं एकेका फोल्डरचं. एक पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका.

यात नुसत्या फाइली जात नाहीत, विंडोजच्या वहीत पत्ताही बदलतो. म्हणजे उद्या सॉफ्टवेअरने 'डॉक्युमेंट्स' मागितलं की ते आपोआप डीवर जाईल. कट-पेस्टमध्ये हा पत्ता नीट बदलेलच असं नाही, सगळा गोंधळ तिथेच.

डीवर अर्धवट गेलेले फोटो शेवटी नव्या पिक्चर्समध्ये ओढून टाका. एकाच ड्राइव्हवर असल्याने क्षणात होईल, तिथे डेटा जागचा हलत नाही, नोंद तेवढी बदलते.

आणि दुपारी करू नका. आपल्याकडे उन्हाळ्यात लाइट कधी डोळा मारेल सांगता येत नाही. यूपीएस असेल तरच.

रजिस्ट्रीराजे

इतकी कटकट कशाला? रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत) 'प्रोफाइल्स डिरेक्टरी'चा पत्ता डी करून टाकायचा, सगळे युजर एका फटक्यात डीवर. मी २०१६ पासून असंच वापरतोय.

होटगीरोडकर

राजे, तुमचं चाललंय याचा आनंद आहे. पण विंडोजचं ड्राइव्ह सोडून युजर्स दुसरीकडे नेलं तर पुढे अपडेट-अपग्रेड अडकू शकतात, हे मायक्रोसॉफ्टनेच लिहून ठेवलंय. शिवाय ॲपडेटा जुन्या हार्डडिस्कवर गेलं की एसएसडीचा वेग निम्मा गेला समजा. तुमचं तुम्ही निस्तराल, ताईंना उद्या टॉवेल द्यायचाय.

विजापूरवेस

एक राहिलं. लोकेशनमध्ये पत्त्यात मध्येच 'वनड्राइव्ह' (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण) दिसतंय का बघा. दिसत असेल तर त्या फोल्डरचा बॅकअप चालू आहे, तो आधी वनड्राइव्हच्या सेटिंगमधून थांबवा. थांबवल्यावर डेस्कटॉप कधीकधी मोकळा दिसतो, फाइली वनड्राइव्हच्या फोल्डरमध्येच असतात. माझ्या मेव्हण्याने तेवढ्यासाठी रात्री साडेअकराला फोन केला होता. फुकटात जागा पाचच जीबी मिळते, त्यामुळे सगळं तिथे मावणारही नाही.

दुसरं म्हणजे हायबरनेशन (चालू काम डिस्कवर ठेवून मशीन बंद करणं). वापरत नसाल तर ॲडमिन म्हणून उघडलेल्या काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) पॉवरसीएफजी ही कमांड 'हायबरनेट ऑफ' करून चालवा. सीवर लपलेली एक मोठी फाइल जाते, आठ जीबी रॅमला साधारण तीन जीबी. 'फास्ट स्टार्टअप' त्याबरोबर बंद होतं, म्हणजे चालू व्हायला थोडा वेळ जास्त.

जकार्डवाली

केलं. सगळं सांगते, कारण मी एक नवीन चूक पण केली.

ॲपडेटातलं काही गेलं नव्हतं, देवाची कृपा. रीस्टार्ट झालं. काल रात्री नळाला पाणी आलं (पाच दिवसांनी, त्यामुळे घर जागंच होतं), भांडी भरता भरता कामाला बसले. पिक्चर्स आणि व्हिडिओज बिनबोभाट गेले. डाउनलोड्सला मात्र 'मूव्ह' दाबून आतलं फोल्डर न निवडता नुसता डी निवडला. झालं! अख्खा डी ड्राइव्हच 'डाउनलोड्स' झाला. परत बदलायला गेले तर बदलू देईना.

होटगीरोडकर

हे सांगायला विसरलो, चूक माझी. ड्राइव्हच्या मुळाशी पत्ता दिला की असंच होतं. परत 'मूव्ह' करून बरोबर फोल्डर निवडा आणि फाइली नेऊ का विचारल्यावर नाही म्हणा. हो म्हणालात तर ते डीवरचं सगळंच त्यात कोंबायला बघेल. तरी ऐकलं नाही तर रजिस्ट्रीत 'युजर शेल फोल्डर्स' या कीमध्ये (नोंदीत) पत्ता हाताने दुरुस्त करून लॉगऑफ करा. त्याआधी ती नोंद एक्स्पोर्ट करून, म्हणजे तिची कॉपी काढून ठेवा.

जकार्डवाली

'नाही' म्हटल्यावर पहिल्या फटक्यात ऐकलं! रजिस्ट्रीपर्यंत जावं लागलं नाही. मग डीच्या मुळाशी सांडलेल्या फाइली हाताने डाउनलोड्समध्ये ओढल्या.

आता सीवर ६४ जीबी मोकळे. डाउनलोड्स एकटं ३१ जीबीचं होतं, त्यात एकाच लग्नाचा व्हिडिओ तीनदा.

एक शंका. डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडलं तर 'अलीकडच्या फाइली'त सगळे जुने सीचे पत्ते, क्लिक केलं की 'सापडत नाही'. यादी परत हवी असेल तर?

विजापूरवेस

यादी तशीच सोडा, एकेक फाइल डीवरून उघडत गेलात की नवी होईल. सॉफ्टवेअर सीचाच पत्ता धरून बसलं असेल तरच जंक्शन करायचं, म्हणजे सीवरच्या जुन्या जागी डीकडे बोट दाखवणारी पाटी. कमांड 'एमकेलिंक', पर्याय 'जे'. पण जुन्या जागी त्या नावाचं फोल्डर शिल्लक नसावं, नाहीतर कमांड तक्रार करते.

ती डीची डिस्क किती वर्षांची?

जकार्डवाली

२०१४ ची. मोराचं पहिलं डिझाइन तिच्यावरच केलं होतं.

विजापूरवेस

मग डिझाइनांचं फोल्डर आजच एका पेन ड्राइव्हवर पण कॉपी करा. कट नाही, कॉपी.

जकार्डवाली

करतेय. ४ जीबीच आहे, मागाच्या पेन ड्राइव्हवर मावतंय. लॉजवाल्यांचा 'क्ष' पण चांगला आला, मुंगळा नाही दिसत. लेकाशी अजून बोलणं नाही.