मदत हवी आहे: हिऱ्याच्या रिपोर्टवर ‘थिन’ गर्डलचा आकडा ‘मीडियम’पेक्षा मोठा कसा?

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीच्या साखरपुड्याच्या अंगठीसाठी अर्ध्या कॅरेटचा गोल हिरा बघतोय. नौपाड्यातल्या सराफाने दोन खडे दाखवले. दोन्हींना जीआयए या हिरे तपासणाऱ्या संस्थेचा डॉसियर (लहान हिऱ्यांसाठीचा छोटा रिपोर्ट) आहे, रंग-क्लॅरिटी सारखी, कट एक्सलंट, किंमतही जवळपास तीच. अडलंय ते गर्डलपाशी, म्हणजे खड्याच्या भोवतालच्या कडेपाशी.

पहिल्याचा गर्डल ‘थिन टू मीडियम’, ३.५ टक्के. दुसऱ्याचा नुसता ‘मीडियम’, पण ३ टक्के! बारीक म्हटलेला आकड्यात जाड कसा? शिवाय पहिल्याचा क्राउन (कडेवरचा भाग) १५, गर्डल ३.५, पॅव्हिलियन (कडेखालचा भाग) ४३, म्हणजे बेरीज ६१.५, रिपोर्टवर मात्र डेप्थ (एकूण खोली) ६१.६. छापताना चूक झाली असेल का?

सराफ म्हणतात, ‘कट एक्सलंट आहे ना, मग बाकीचं कशाला बघता?’ पण बहीण रोज ठाणे–दादर लोकलने जाते. गर्दीत दांड्याला धरताना अंगठी आपटणारच. कड उडाली तर?

वाशीवाला: दुसरा घ्या, मीडियम आहे. विषय संपला.

ऐरोलीकर: वाशीवाले, जरा थांबा. मी बीकेसीत डायमंड बोर्समध्ये (हिरेबाजारात) असॉर्टिंगचं, म्हणजे हिरे निवडून प्रतवारी लावायचं काम करतो, रोजचाच प्रश्न आहे हा.

गर्डलची कड सगळीकडे सारखी जाड नसते. खडा आडवा धरून दहापट भिंगातून बघा, कड नागमोडी दिसेल. वरचे आणि खालचे मोठे पैलू जिथे समोरासमोर येतात तिथे ती फुगते, मधल्या जागी बारीक होते. रिपोर्टवरचे शब्द त्या बारीक जागा बघून लिहिलेले असतात, टक्केवारी मात्र फुगलेल्या जागांच्या मापाची सरासरी. दोन वेगळ्या जागांची मापं आहेत ती, भांडण लावू नका त्यांच्यात. तुमच्या पहिल्या खड्यात उंच-सखल जास्त, दुसऱ्यात कड जास्त एकसारखी, एवढाच अर्थ.

त्यात टक्केवारी जवळच्या अर्ध्या टक्क्याला पूर्णांकित करून छापतात. ३.२६ असेल तरी ३.५ आणि ३.२४ असेल तर ३! आणि हे टक्के सरासरी व्यासाचे. समजा खडा ५.११ मिमीचा असेल, तर ३.५ टक्के म्हणजे जेमतेम ०.१८ मिमी. बेरजेचंही तेच: क्राउन, गर्डल, पॅव्हिलियन अर्ध्या टक्क्याला पूर्णांकित केलेले, एकूण डेप्थ मात्र दशांशापर्यंत. चूक नाही.

टवका उडण्याची खरी भीती ‘एक्स्ट्रीमली थिन’ला, तेही खडा बसवताना प्रॉन्गचा (खडा धरून ठेवणाऱ्या दातांचा) दाब पडतो तेव्हा. उलट बाजूला ‘व्हेरी थिक’ आणि ‘एक्स्ट्रीमली थिक’: तिथे वजन कडेत जातं आणि खडा वरून लहान दिसतो. अर्ध्या कॅरेटला भाव उडी मारतो, म्हणून ०.५० गाठायला काही जण कड जाड ठेवतात. तुमचे दोन्ही या भानगडीत नाहीत. सराफांचा सूर मला आवडला नाही, पण निष्कर्ष चुकलेला नाही.

प्रश्नकर्ता: डोक्यात प्रकाश पडला, धन्यवाद दादा. मापं मिमीत: पहिला ५.१० ते ५.१२, खोली ३.१५. दुसरा ५.१३ ते ५.१६, खोली ३.१४. आता कुठला?

ऐरोलीकर: गर्डलवरून ठरवू नका. दुसरा वरून किंचित मोठा, पण बोटात ते कळायचं नाही. दोन्ही दुकानाच्या दिव्यांपासून दूर, खिडकीशी नेऊन बघा. बहिणीला आवडेल तो घ्या. लोकलचा प्रवास असेल तर चारऐवजी सहा प्रॉन्ग, किंवा चहूबाजूंनी सोन्याची पट्टी.

एक सांगायचं राहिलं. डॉसियरच्या खड्याला गर्डलवरच लेझरने रिपोर्ट नंबर कोरलेला असतो. खडा बसवण्याआधी भिंगातून स्वतः वाचा, आणि प्रॉन्गची अंगठी असेल तर तो प्रॉन्गखाली जाणार नाही असं कारागिराला बजावून ठेवा. अशी अंगठी ताब्यात घेताना पुन्हा जुळवा.

वाशीवाला: बरं, माझं ‘विषय संपला’ मागे घेतो 😄 आमच्या सौ.च्या अंगठीचा नंबर आता शोधायला हवा.