प्रति: एकाच रचनाकाराचा महोत्सव

'एकाच माणसाच्या रचना अख्खा शनिवार-रविवार ऐकायच्या म्हणजे एकसुरी होणारच' हे वर आलंय, ते अजिबात पटलं नाही. कर्नाटक संगीतातले रचनाकार त्यागराज यांच्या आराधनेला, म्हणजे त्यांच्याच रचना गाण्याच्या वार्षिक सोहळ्याला, एकदा बसून बघा. तमिळनाडूत तिरुवैयारूला ती पौष वद्य पंचमीला, पुण्यतिथीला असते. इतर गावांत सोयीचा शनिवार-रविवार धरतात. मी माटुंग्यात ऐकली. पंचरत्न कृती म्हणजे त्यांच्या पाच प्रसिद्ध रचना. पाचही एकाच, आठ मात्रांच्या आदितालात, पण नाट, गौळ, आरभी, वराळी आणि श्री असे पाच राग. एक संपून दुसरी सुरू झाली की हवाच बदलते. आधी चरणाचे (कडव्याचे) नुसते स्वर, सा-रे-ग-म, मग त्याच चालीवर शब्द, तेही शे-दीडशे माणसं एकदम! (वराळी राग गुरूनं शिष्याला समोर बसवून शिकवू नये असा समज आहे. तरी सगळ्यांना पाठ.)

चर्चेत न आलेली एक गोष्ट. शेजारच्या मामींची वही तमिळ लिपीत होती आणि अक्षरांच्या डोक्यावर बारीक १, २, ३, ४ आकडे. मला वाटलं मात्रा असतील. तर कृती तेलुगू (पहिली तेवढी संस्कृत), आणि तमिळमध्ये क, ख, ग, घ सगळ्यांना एकच अक्षर; कुठला उच्चार करायचा ते आकडा सांगतो. मामींनी बोट ठेवून दाखवलं, तोवर माझी आरभी निम्मी निघून गेली होती.