मदतनिधी आहे, मग सरकार कशाला?

प्रति: मंडळाची मेलिंग लिस्ट
विषय: मदतनिधी आणि सरकार

मंडळी, नमस्कार.

आपल्या सभासदाच्या ऑपरेशनसाठी जमवलेला निधी ठरवलेल्या रकमेच्या वर गेला. सगळ्यांचे मनापासून आभार. या निमित्ताने एक बोलायचं आहे. गेल्या आठवड्यात काही जणांनी लिहिलं की हे काम वर्गणीचं नाही, सरकारचं आहे. मला ते पटत नाही. अडलेल्याला शेजाऱ्याने हात द्यावा, कायद्याने नव्हे.

सरकार मध्ये पडलं की खर्च वाढतो, हा अमेरिकेचा, आपल्या या देशाचा, अनुभव आहे. १९६५ साली मेडिकेअर, म्हणजे पासष्टीपुढच्यांचा सरकारी आरोग्यविमा, आलं तेव्हा हॉस्पिटल जो खर्च दाखवेल तो सरकार भरत असे. मग खर्च कमी दाखवील कोण? आजारानुसार ठरीव रक्कम द्यायचं धोरण यायला १९८३ उजाडलं. पुढे १९९७ च्या कायद्याने मेडिकेअरच्या पैशांवर चालणाऱ्या रेसिडेन्सीच्या, म्हणजे नव्या डॉक्टरांच्या हॉस्पिटलातल्या प्रशिक्षणाच्या, जागा गोठवल्या. भारतातून एमबीबीएस होऊन आलेली किती हुशार मुलं अशी जागा न मिळाल्यामुळे घरी बसली आहेत, हे या लिस्टवर वेगळं सांगायला नको. डॉक्टर कमी पडले की भाव चढणारच.

माझी कंपनी छोटी होती. दर वर्षी कर्मचाऱ्यांच्या ग्रुप हेल्थ इन्शुरन्सच्या रिन्यूअलचं पत्र आलं की पोटात गोळा यायचा. कुणाचा पगार वाढवायचा राहिला तर त्याचं कारण बहुधा ते पत्रच असायचं. संमतिवयाच्या, म्हणजे मुलीशी शरीरसंबंधाचं किमान वय कायद्याने वाढवण्याच्या, वादात टिळकांची भूमिका होती की समाजाने आपला आपण बदल करावा, सरकारने कायदा लादू नये. मला आजही तेच योग्य वाटतं.

– काका

---

उत्तर: मदतनिधी आणि सरकार

काका, नमस्कार.

निधीसाठी तुम्ही एकेकाला स्वतः फोन केलेत, हे सगळ्यांना माहीत आहे. तुमच्याइतकं आमच्यापैकी कुणीच केलं नाही. पण मी हॉस्पिटलच्या बिलिंगमध्ये काम करते आणि रोज ज्या फायली माझ्या टेबलावर येतात त्या बघितल्यावर गप्प बसवत नाही.

> अडलेल्याला शेजाऱ्याने हात द्यावा, कायद्याने नव्हे.

ज्याला शेजारी आहे त्याचं निभावलं. हे कुटुंब आपल्या ओळखीचं, गणपतीला राबणारं, मुलं आपल्याच शाळेत मराठी शिकणारी. म्हणून आपले फोन उचलले गेले. मंडळाच्या कार्यक्रमांना कधी न येणारा कुणी असता तर निधी इतका जमला असता का? आणि ज्याला मंडळच नाही त्याचं काय? रात्रपाळीत दुकानाची कपाटं भरणारा, एकटी राहणारी म्हातारी, अशांची बिलंही माझ्याकडेच येतात.

आता हे कुटुंब अडचणीत आलं कशामुळे? नोकरी गेली म्हणून इन्शुरन्स गेला. नोकरी आणि इन्शुरन्सची ही गाठ आपण निसर्गनियमासारखी धरून चालतो. ती सरकारनेच मारलेली आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, पगारवाढीवर बंधन आलं आणि इन्शुरन्ससारख्या सवलती त्यातून वगळल्या गेल्या. माणसं टिकवायला कंपन्या इन्शुरन्स देऊ लागल्या. १९५४ च्या करकायद्याने कंपनी भरते त्या हप्त्यावर कर्मचाऱ्याला कर नाही, हे पक्कं झालं. म्हणजे चांगल्या नोकरीतल्या आपल्या प्रत्येकाला सरकारची मदत मिळतेच आहे आणि जितका पगार मोठा तितकी ती जास्त. पगाराच्या स्लिपवर तिची ओळ नसते म्हणून ती कुणाला दिसत नाही. ‘सरकारने लांब राहावं’ असं या लिस्टवर लिहिणाऱ्यांपैकी बहुतेक जण ती मदत घेत आहेत. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. वाद सुरू करण्याआधी एवढं मान्य व्हावं, इतकंच.

आपल्या माणसाचं दुखणं दुहेरी. एचवनबी या नोकरीच्या व्हिसावरच्याची नोकरी गेली की दुसरी शोधायला जास्तीत जास्त साठ दिवस. कोब्रा नावाची सोय घ्यायची की नाही हे ठरवायलाही साठच दिवस. कोब्राखाली जुना इन्शुरन्स साधारण अठरा महिने चालू ठेवता येतो, पण आधी कंपनी भरायची तो हिस्साही आता स्वतः भरायचा आणि वर दोन टक्के. पगार थांबल्या महिन्यात हप्ता कित्येक पटींनी वाढतो. त्यांनी तो भरला नाही. त्यांच्या जागी मीही कदाचित भरला नसता.

मग काय होतं ते कागदावर बघा. इन्शुरन्सकडून येणाऱ्या पत्रकात पहिला रकाना हॉस्पिटलने लावलेल्या रकमेचा असतो. शेजारच्या रकान्यात इन्शुरन्सने मान्य केलेली रक्कम, पुष्कळदा पहिलीच्या निम्म्याहून कमी. मधला फरक ‘ॲडजस्टमेंट’ म्हणून निघून जातो, तो कुणीच भरत नाही. ज्याला इन्शुरन्स नाही त्याला हा दुसरा रकानाच नाही. त्याच्या नावावर पहिली रक्कम उभी राहते आणि सूट मागायची असते हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. एकच टेबल, एकच सर्जन, तेच टाके. ज्याच्याकडे सगळ्यात कमी पैसे, त्याच्यापुढे सगळ्यात मोठा आकडा. तुमच्या शेजारधर्माबद्दल मला आदर आहे, पण निधी गोळा करून आपण हा आकडा फक्त भरू शकतो. तो का लावला, हे विचारायचा अधिकार वर्गणीला नाही, कायद्याला आहे.

तुम्हाला माजी राष्ट्राध्यक्ष रेगन आवडतात, म्हणून त्यांचंच उदाहरण देते. १९८६ मध्ये त्यांनी सही केलेल्या ज्या कायद्यातून कोब्रा आला, त्यातच इमर्जन्सीचा नियमही आहे. मेडिकेअरचे पैसे घेणाऱ्या हॉस्पिटलने इमर्जन्सीत आलेल्या कुणालाही, खिशात पैसे असोत-नसोत, तपासलंच पाहिजे आणि प्रकृती स्थिर केलीच पाहिजे. दारातून परत पाठवायचं नाही, हे या देशाने तेव्हाच ठरवलं. फक्त नियम तिथेच थांबतो. कॅन्सरच्या गाठीतून रक्त वाहायला लागलं तर ते थांबवतील, पण गाठीची केमो त्या नियमात बसत नाही. आधी वेळेवर उपचार नाहीत, मग शेवटच्या टप्प्यावर सगळ्यात महागड्या दारातून प्रवेश. तो खर्च हवेत विरत नाही, बाकीच्यांच्या हप्त्यात आणि करात येतो. तुमच्या रिन्यूअलच्या पत्रातही त्याचा वाटा असणार.

१९६५ बद्दल आणि रेसिडेन्सीबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे. १९९७ चा निर्णय चुकला असंच माझंही मत आहे. पण १९८३ ची दुरुस्ती केली कोणी? सरकारनेच. सगळ्यात मोठा गिऱ्हाईक भाव करायला बसला की भाव उतरतो. म्हणूनच २००३ मध्ये औषधांची योजना आली तेव्हा मेडिकेअरने कंपन्यांशी भाव ठरवायचा नाही, अशी अट घातली गेली. सरकारने हात आखडता घेतला आणि त्याचं बिल आपल्या आईवडिलांनी भरलं. २०२२ च्या कायद्याने ती अट सैल केली. २०२३ पासून मेडिकेअरमध्ये इन्सुलिन महिन्याला ३५ डॉलरच्या वर नाही. पहिल्या दहा औषधांचे ठरवलेले भाव जानेवारी २०२६ पासून लागू आहेत आणि त्यांत डायबिटीसचं जानुविया आहे. आपल्या समाजात डायबिटीस किती, हे वेगळं सांगत नाही. तिकडे भारतात २०१७ मध्ये हृदयाच्या स्टेंटला भावमर्यादा आली, औषध लावलेला स्टेंट २९,६०० रुपयांवर आणला गेला. एका स्टेंटसाठी लाखाच्या वर मोजलेली माणसं आपल्यापैकी प्रत्येकाच्या नात्यात असतील.

टिळकांबद्दल. त्यांचा मोठा आक्षेप परक्या सरकारने आमच्या घरात शिरण्याला होता. इथलं सरकार आपल्यापैकी अनेकांच्या मताने निवडून येतं. आणि त्याच वादात आगरकर होते, कायद्याच्या बाजूने. कलकत्त्यात दहा-अकरा वर्षांची फुलमणी नवऱ्याच्या बळजबरीने मेली होती. समाज आपणहून सुधारेपर्यंत थांबायला तिच्याकडे वेळ नव्हता. १८९१ च्या कायद्याने वय दहावरून फक्त बारावर नेलं, तेवढ्यासाठीसुद्धा कायदाच लागला.

१९७२ चा दुष्काळ तुम्ही स्वतः पाहिलेला आहे. तेव्हाही लोकांनी धान्य जमवलं, कपडे पाठवले, ते फार मोलाचं होतं. पण पुढे, खडी फोडायचं का होईना, काम मागण्याचा हक्क मिळाला तो वि. स. पाग्यांच्या रोजगार हमीमुळे, आणि तिच्यासाठी पैसा आला तो मुंबई-पुण्याच्या नोकरदारांच्या पगारातून कापलेल्या व्यवसाय करातून. कुणाचा कर कुणाच्या हाताला काम देतोय, हे दोघांनाही माहीत नव्हतं. घेणाऱ्याला कुणापुढे हात जोडावे लागले नाहीत. मला हवं आहे ते हे. आपल्या सभासदाची बायको गेल्या शनिवारी प्रत्येकाला वाकून नमस्कार करत होती. त्या बाईने कुणाचं काय घोडं मारलं होतं?

आता कामाचं. नॉनप्रॉफिट हॉस्पिटलला आर्थिक मदतीचं लेखी धोरण ठेवावंच लागतं, २०१० च्या कायद्याने. पात्र ठरलात तर इन्शुरन्सवाल्यांना साधारण जो भाव लागतो त्याहून जास्त आकारता येत नाही. अर्ज पहिल्या बिलापासून २४० दिवसांपर्यंत करता येतो. आपल्या सभासदाने तो केलेला नाही, मी विचारलं. निधीतला एक डॉलरही हॉस्पिटलला देण्याआधी हा अर्ज गेला पाहिजे. कागद भरायला मी घरी जाईन.

– ताई

---

उत्तर: मदतनिधी आणि सरकार

ताई, विषय थोडा बदलतो, माफ करा. माझ्या आई-बाबांचं ग्रीन कार्ड आत्ताच आलं, दोघंही पासष्टच्या पुढचे. त्यांना मेडिकेअर मिळेल का? ऑफिसात प्रत्येक जण वेगळं सांगतो.

---

उत्तर: मदतनिधी आणि सरकार

लगेच नाही. ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षं इथे राहिल्यावर घेता येतं. इथे नोकरी केलेली नसल्यामुळे हॉस्पिटलचा भाग फुकट मिळणार नाही, त्याचाही हप्ता पडेल. मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा, त्यालाही १९९६ च्या कायद्याने पहिली पाच वर्षं सहसा मनाई. तोपर्यंत मार्केटप्लेस या सरकारी विमाबाजारातला प्लॅन घेता येतो आणि नव्याने ग्रीन कार्ड मिळाल्यापासून साठ दिवसांची मुदत असते. ती चुकवू नकोस, आज रात्रीच बस. सबसिडीचे नियम २०२५ च्या कायद्याने बदललेत, त्यामुळे मागच्या वर्षी कुणाला काय मिळालं यावर विसंबू नकोस. पर्यटकांसाठी विकतात तो व्हिजिटर इन्शुरन्स यांना पुरणार नाही. जुनी दुखणी त्यात सहसा धरत नाहीत.

– ताई

---

उत्तर: मदतनिधी आणि सरकार

ताई, तुझी मेल दोनदा वाचली.

त्या अर्जाचं मला ठाऊक नव्हतं आणि बिल भरण्याच्या चेकवर मी उद्या सही करणार होतो. थांबवला आहे. कोणते कागद लागतील ते कळव. मागच्या वर्षीचा टॅक्स रिटर्न आणि नोकरी संपल्याचं पत्र मी आज संध्याकाळी त्यांच्याकडून घेतो. नमस्काराचं तू लिहिलंस, ते माझ्याही डोळ्यांसमोर आहे. तेव्हा मला अवघडल्यासारखं झालं होतं, पण त्याचा असा विचार मी केला नव्हता.

बाकी मत बदललेलं नाही. सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाने भाव करावा, कबूल. पण तो भाव फारच खाली ओढतो तेव्हा डॉक्टर त्याचे पेशंट घ्यायचं बंद करतात. मेडिकेडचं कार्ड हातात असून डॉक्टर न मिळालेली माणसं तुझ्याकडेही येत असतील. नुसतं कार्ड देऊन सरकारची जबाबदारी संपते का? यावर तुझं म्हणणं वाचायला मला आवडेल. सविस्तर लिही, घाई नाही.

आणि निधीत जे उरेल ते परत वाटू नये, असं मी कमिटीला सुचवतो आहे. मंडळाचा सभासद नसलेल्या कुणासाठी ते वापरायचं असेल, तर तुझ्या टेबलावरून सुरुवात करू.

– काका