अर्ध्या तासात होईल असं साधं जेवण सांगा, आणि घरातले सगळे एका दस्तरखानावर (जेवायला बसताना अंथरायच्या कापडावर) आणायचे कसे तेही

परभणीची_आपा:
सलाम सगळ्यांना. घर परभणीत, नोकरी जिंतूरला, एसटीनं येणं-जाणं, घरी पोचते तर मगरिबची अजान व्हायली असते. सासूबाईंना शुगर, मुलगा आठवीत, पोरगी सहा वर्षांची, मिस्टरांचं दुकान रात्री दहाला बंद. आता आमचं जेवण कसं होतं बघा. सातला पोरांना दोन मिनिटांचे नूडल्स (मोबाईल समोर ठेवल्याशिवाय पोरगी तोंड उघडत नाही), आठला सासूबाईंना गोळीच्या टायमाला भाकरी, साडेदहाला मिस्टर टीव्हीसमोर एकटे, आणि मी ओट्यापाशी उभ्याउभ्या जे उरलं ते. एका घरात चार खानावळी चालू आहेत. दस्तरखान कपाटात घडी करून ठेवलेला, पाहुणे आले की निघतो नाहीतर रमजानमध्ये.

मागच्या आठवड्यात बायकांच्या इज्तेमात (दीनी मेळाव्यात) पोटाचे तीन हिस्से करायची हदीस (पैगंबर साहेबांची शिकवण) ऐकली, एक जेवणाला एक पाण्याला एक श्वासाला. लई पटली. आणि त्याच रात्री दालचा होता, मी तिसऱ्यांदा वाढून घेतला. 😅 तर सुन्नतप्रमाणे, म्हणजे पैगंबर साहेबांच्या रीतीनं खाणं रोजच्या धावपळीत जमतं का खरंच कुणाला? आणि पटकन होणारं, पोरं आणि सासूबाई दोघांना चालेल असं काय करता? ऑनलाइन बघावं तर सगळ्या रेसिपीत चीज आणि मशरूम, ते आमच्या गल्लीत कुठून आणू.

बाजी_औरंगाबाद:
वालेकुम सलाम. अगं खिचडी-खट्टा विसरलीस का काय! आपण नाश्त्याला करतो तेच रात्री कर. तीन वाट्या तांदूळ असतील तिथं दोनच घे, मसूर दीड वाटी टाक, हळद, कांदा, अद्रक-लसूण, कुकरला दोन शिट्ट्या. तोवर खट्टा. भाजलेले तीळ आणि शेंगदाणे मिक्सरला, चिंचेचं पाणी, वरून कच्चा कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, जिऱ्याची फोडणी दिली तर दिली. खट्टा शिजवायचाच नसतो, तेच तर त्याचं सुख. तीळकूट रविवारी जास्तीचं करून बरणीत भरून ठेव, मग तर दहा मिनिटांचं काम. सासूबाईंना तोच खट्टा ज्वारीच्या भाकरीसोबत दे, भाताला हात लावायचं कामच नाही. कीमा पाहिजेच असं पण नाही, एक अंडं उकडून टाकलं की पोरं खुश.

नांदेडचा_भाई:
ताई, सुन्नत फूड चालू करा. सकाळी सात अजवा खजूर, कलौंजी, जैतूनचं तेल, मध, अंजीर. शुगर-बिगर सगळं जातं. माझ्याकडं एक पूर्ण लिस्ट आहे, पाठवू का?

सिस्टर_लातूर:
भाई, राग मानू नका, मी दवाखान्यात काम करते म्हणून बोलायली. कलौंजीची हदीस बुखारी या हदीसच्या ग्रंथात आहे, कुणी नाकारत नाही. पण असल्या लिस्ट वाचून गोळ्या बंद केलेले लोक आम्ही रोज बघायलोय. आपांच्या सासूबाईंना सकाळी सात खजूर आणि वर मध दिला तर शुगर कुठं जाईल ते मला माहितीये. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही चालू नका करू आणि गोळी तर बंद करूच नका.

आणि सुन्नत म्हणजे महागाची खरेदी आहे का? कुराणात सूरह बकराच्या आयत 168 मध्ये दोन शब्द सोबत आलेत, हलाल आणि तय्यब. आपण पहिलाच शब्द धरून बसतो. पाकिटावर हलालचा शिक्का बघितला, झालं. त्यात मीठ किती, तेल किती, मैदा किती ते कोण बघतंय. तय्यब म्हणजे चांगलं, स्वच्छ, अंगी लागणारं, आणि ते आपल्याकडं स्वस्तात पडलंय, ज्वारी, जव, अंबाडी, जवसाची चटणी. तल्बीना म्हणजे तरी काय, जवाच्या पिठाची पातळ खीर. पैगंबर साहेबांच्या पत्नी हजरत आयशा (रजि.) आजारी माणसाला आणि घरात मयत झाली की घरच्यांना ती द्यायला सांगायच्या. सासूबाईंना साखर-मधाशिवाय ताकात करून द्या, पण थोडीच, जव झाले तरी धान्यच ते. पोरांना शाळेतून आल्यावर काकडी आणि खजूर सोबत द्या, तीही सुन्नत आहे, आणि आपलं वाळूक असलं तरी काही बिघडत नाही.

तिसऱ्यांदा वाढून घेतल्याचं म्हणाल तर पोट भरलंय हे कळायला साधारण वीस मिनिटं लागतात. तुम्ही उभ्यानं सात मिनिटांत जेवता, मग कळणार कसं? आधी बसा.

सेलूकर:
ताई मी मुसलमान नाही पण प्रश्न आमच्या घरचाच आहे म्हणून लिहायलोय. आमच्याकडं आजी श्लोक म्हटल्याशिवाय ताटाला हात लावू द्यायची नाही, आता लेकरं यूट्यूब लावल्याशिवाय लावत नाहीत. आम्ही धपाट्याचं पीठ डब्यात मिसळूनच ठेवतो, ज्वारी जास्त, थोडं बेसन, थोडी कणीक, तीळ, ओवा. संध्याकाळी त्यात कांदा नाहीतर मेथी, तिखट-मीठ, पाणी, आणि थापायला लेकरांनाच बसवायचं. वाकडंतिकडं होतं, पण स्वतः थापलेलं धपाटं माझा पोरगा मोबाईलशिवाय खातो एवढं खरं. सोबत दही.

मास्तर_उदगीर:
बेटा, एक गोष्ट सांगतो, पोरीला पण सांग. उमर बिन अबी सलमा नावाचा मुलगा हुजूर (स.), म्हणजे पैगंबर साहेब, यांच्या घरी वाढत होता. जेवताना त्याचा हात थाळीभर फिरायचा, इकडचं घे तिकडचं घे. त्याला रागावले नाहीत, मारलं नाही, तीनच गोष्टी सांगितल्या, बिस्मिल्ला म्हण, उजव्या हातानं खा, आपल्या समोरचं खा. तो मुलगा मोठेपणी म्हणायचा की तेव्हापासून मी तसाच खात आलो. आता हे कधी शक्य झालं? एका थाळीवर सोबत बसले होते म्हणून. तू ओट्यापाशी, पोरगी मोबाईलपाशी, तिला कोण बघणार आणि कोण सांगणार.

दुसरी एक हदीस अबू दाऊद या हदीसच्या ग्रंथात आहे. लोक तक्रार घेऊन आले की आम्ही खातो पण पोट भरत नाही. तर विचारलं, वेगवेगळे बसून खाता का? हो म्हणाले. मग एकत्र बसा, अल्लाचं नाव घ्या, बरकत होईल. तुझ्या चार खानावळींचं उत्तर हेच आहे. रमजानमध्ये मिस्टर इफ्तारला दुकानातून येतात ना? दुकान काय बुडतं का तेव्हा? (बाकी रमजानचं जास्त कौतुक नको, भजे-समोसे खाऊन आपणच तेव्हा सगळ्यात जास्त फुगतो.) अकरा महिने जमणार नाही, मान्य. आठवड्यात दोन-तीन दिवस ठरव.

आणि जेवणाला नावं ठेवणं बंद, मिस्टरांनी पण. हुजूर (स.) आवडलं तर खायचे, नाही तर गुमान बाजूला ठेवायचे, खोट काढत नव्हते. माझी स्वतःची ही खोड साठी उलटल्यावर गेली, बेगमला विचारा.

परभणीची_आपा:
बारा दिवसांनी लिहायलेय, माफ करा. मिस्टरांना मास्तरांचा मेसेज वाचून दाखवला, आधी चिडले, मग म्हणाले सोमवार आणि गुरुवार गिऱ्हाईक कमी असतं, साडेआठला अर्धा तास येतो, पोरगा बसेल गल्ल्यावर. मग पोरगा कधी जेवणार, हे डोक्यातच आलं नाही दोघांच्या. शेवटी शेजारच्या दुकानदाराला बघायला सांगितलं, आता तेवढ्यासाठी त्यांच्या घरी पण खट्टा जातो.

पहिल्या दिवशी खट्ट्यात चिंच इतकी झाली की सासूबाईंनी डोळेच मिटले. मिस्टर काही बोलले नाहीत, फक्त पाणी प्यायले, सुन्नतप्रमाणे तीन श्वासात. 😄 पोरगी मोबाईलसाठी रडली दोन्ही वेळा, तिसऱ्या वेळेला धपाटे थापायला बसवली तर पीठच जास्त खाल्लं तिनं. नूडल्स अजून आठवड्यातून एकदा होतात, खोटं का सांगू. सिस्टर, जव मोंढ्यात मिळाले पण सालासकट, ते तसेच दळायचे का आधी कांडून घ्यायचे?