मदत हवी आहे: जीपीएस नोंदींतून भारतीय प्लेटची (भूकवचाच्या सरकत्या तुकड्याची) चाल कशी वजा करायची?

नमस्कार मंडळी, नेपाळमधल्या जीपीएस केंद्रांच्या रोजच्या नोंदी घेऊन बसलेय. बंगळुरूचं केंद्र वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतं, पण ती तर अख्ख्या प्लेटची चाल. मला हवंय ते हिमालयाच्या पट्ट्यात दरवर्षी जिरणारं आकुंचन, जवळपास २ सेंटिमीटर. खालचा भ्रंश (खडकांमधली सरकणारी भेग) अडकलेला असल्याने हा ताण साठत जातो. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात त्यातला काही सुटला आणि काठमांडू काही सेकंदांत दीड मीटरहून जास्त दक्षिणेला गेलं. आलेखातली ती उडी पाहून अंगावर काटाच आला!

अडलंय इथे: नुसता बंगळुरूचा वेग वजा करून चालेल, की प्लेटचं फिरणं धरून प्रत्येक केंद्रासाठी वेगळा वेग काढायचा? शिवाय पावसाळ्यात पाण्याच्या भाराने जमीन दबते, ती हंगामी हालचाल कशी गाळता? कुणी केलं असेल तर कृपया सांगा.