अनुभव धागा: मोकळा उतार की टेरेन पार्क? इंदूरच्या स्कीवाल्यांनो, लिहा

रामबागकर
मंडळी, हंगाम जवळ आला की आपल्या इंदुरात स्कीवाल्यांचे दोन तट पडतात. एकाला टेरेन पार्क हवं, म्हणजे उडी मारायचे बर्फाचे उंचवटे (किकर), वरून घसरायला बॉक्स आणि धातूचे दांडे (रेल). दुसऱ्याला मोकळा डोंगर. माझ्या मते यात स्वभावापेक्षा जमिनीचा हात मोठा आहे. तुम्ही जिथे स्की करता तिथला डोंगर काय करू देतो ते लिहा. प्रवासवर्णन नको. उतार, बर्फ, सामान आणि गडबड कुठे होते, एवढंच.

स्नेहनगर
गुलमर्गला निवड डोंगरच करून टाकतो. गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, पहिला टप्पा कोंगडोरीला, साधारण ३,१०० मीटरवर सोडतो. दुसरा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, ३,९०० च्याही वर. तिथून खालपर्यंत जवळजवळ १,३०० मीटरची उतरण. वर झाडं नाहीत, सगळं उघडं. एखादा दमदार पश्चिमी झंझावात आला की आदल्या दिवशी बांधलेला किकर सकाळी सापडायचा नाही. मग पार्क राखणार कोण, आणि कशाला?

धोकाही याच जमिनीत आहे. हिमस्खलनं बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात, आणि ताज्या बर्फात स्कीला गोडी येते तीही तिथेच. हातातली स्की-काठी उताराच्या दिशेने बर्फावर आडवी ठेवा, तिच्यावर मोबाइल ठेवा, कोन मोजणारं अॅप आकडा देतं. पण पायाखालचा उतार मोजून भागत नाही, डोक्यावरचाही बघा. तो सुटला तर तुमच्याच अंगावर येणार. गस्ती पथक मुख्य वाडगा (बोल), म्हणजे डोंगराचा खोलगट उतार, सांभाळतं, दोरीपलीकडे तुमचे तुम्ही. ट्रान्सीव्हर (गाडलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाकडे हवं, गटात एक संच नव्हे. ट्रान्सीव्हर चालू असताना मोबाइल किमान २० सेंटिमीटर लांब, शोधताना ५०. दोन्ही एकाच जॅकेटच्या छातीवर कोंबणं हा नेहमीचा घोळ.

स्की भाड्याने घेताना तिच्यावरचे तीन आकडे वाचा, उदाहरणार्थ १३२-१०८-१२२. मधला आकडा कंबरेचा, म्हणजे पायाखालच्या रुंदीचा. खोल बर्फाला तो १०५ ते ११५ मिलिमीटर हवा. ८० ची स्की दिली तर टोकं बुडत राहतात आणि मांड्या भरून येतात.

पोहे-जिलबी (मुक्काम मिनियापोलिस)
इकडे चित्र उलटं. इथल्या हायलंड हिल्स या स्की-टेकडीची एकूण उंची १७५ फूट, म्हणजे ५३ मीटर. सरळ खाली सुटलात तर अर्ध्या मिनिटात खेळ खलास. त्यामुळे उताराच्या लांबीला महत्त्व नाही, त्यावर काय मांडलंय त्याला आहे. रोप टोचा, म्हणजे वर ओढून नेणाऱ्या यंत्राचा, दोर पकडला की लगेच पुन्हा वर. एकाच रेलवर संध्याकाळभर फेऱ्या होतात, आणि रेल जमते ती फेऱ्यांनीच. गोंडोलाच्या रांगेत उभं राहून ती यायची नाही.

दुसरं कारण बर्फाचं. वेट-बल्ब तापमान (हवेतला ओलावा धरून मोजलेलं) उणे २ च्या खाली गेलं की बर्फाच्या तोफा नीट चालतात, आणि मिनेसोटात थंडीला तोटा नाही. तोफेचा बर्फ म्हणजे गोठलेले गोल थेंब. ताज्या बर्फाच्या कित्येक पट जड, म्हणून कापून दिलेला आकार टिकतो. ताज्या पावडरचा किकर करणं म्हणजे कोरड्या रव्याचे लाडू वळणं.

पार्कची स्की ८५ ते ९५ मिलिमीटर, दोन्ही टोकं वर वळलेली, बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारा खटका) मध्याजवळ. पायाखालची एज, म्हणजे स्कीची धातूची कड, फाइलने बोथट करतात, नाहीतर रेलच्या धातूत अडकून तोंडावर आपटवते. तीच स्की कडक उतारावर नेली तर वळणात पकड सुटते. दोन्हीकडे एकच जोडी वापरू म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

लोकमान्य नगर
उत्तराखंडातल्या औलीचा बाज निराळा. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी खेळांतली स्कीइंग तिथेच झाली. उतार मोकळा, फार उभा नाही. वळणं पक्की करायला उत्तम. तोफा आहेत, पण थंडीच पडली नाही तर त्या शोभेच्या. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचली तेव्हा तिथला रोपवे थांबवला गेला, तेव्हा निघण्याआधी विचारून घ्या. मनालीजवळच्या सोलंगला उतार छोटा, गर्दी मोठी.

जुनी इंदौर, सध्या कॅलगरी
सगळं डोंगरावर ढकलू नका, अंतरही धरा. कॅलगरी शहरातल्या टेकडीला जेमतेम १२० मीटर उंची, दिवे आणि तोफेचा बर्फ. लेक लुईसला हजाराच्या आसपास, पण ते १८० किलोमीटरवर. तेच लोक ऑफिस सुटल्यावर पार्कात आणि शनिवारी मोकळ्या उतारावर. पार्कवाल्यांची खोड मात्र लगेच ओळखू येते. वळणात सगळा भार बाहेरच्या पायावर टाकतात. खोल बर्फात तो पाय खाली जातो, दुसरा वर तरंगतो आणि दोघांची फारकत होते. तिथे दोन्ही पायांवर जवळपास सारखा भार ठेवा.

सराफा रात्री अकरा
भारतात किकर हवा तर स्वतः बांधा. आधी उतरायची जागा शोधा, किकर नंतर. उतरण २५ ते ३० अंशांची हवी. सपाटीवर उतरलात तर सगळा मार गुडघ्यांना. पहिल्यासाठी उंची अर्धा मीटर, रुंदी दोन मीटर पुरे. वीस-वीस सेंटिमीटरचा थर टाकून स्की आडव्या ठेवून तुडवायचा, मग रात्रभर जमू द्यायचा. उडीचा शेवटचा स्कीभर भाग सरळ ठेवा. गोलाई टोकापर्यंत नेली तर हवेत पाय पुढे आणि डोकं मागे जातं.

वेग दिवसभर बदलतो, हे लोक विसरतात. सकाळी रस्ता गोठलेला, उडी लांब जाते, उतरण संपून सपाटी येते. दुपारी बर्फ ओला, उडी तोकडी, टाच उतरणीच्या वरच्या कंगोऱ्यावर. म्हणून दर वेळी आधी एक फेरी उडी न मारता. ढगाळ उजेडात किकरचं टोक दिसत नाही, तिथे देवदाराची पानं ओळीने टाका.

रामबागकर
भिया लोक, इथे बसून तयारी काय करायची?

रिंकवाला
इनलाइन स्केटिंग करणाऱ्यांना बॉक्स आणि उलटं घसरणं लवकर जमतं, पार्ककडे ओढा असतो तो त्यामुळेच. पण रिंकवर उतार नाही. नडगी बुटाच्या जिभेवर दाबून धरायची सवय तिथे लागत नाही. चोरल-पातालपानीकडे दगडधोंड्यांतून उतरणाऱ्यांच्या मांड्या मोकळ्या उताराला जास्त तयार असतात. जिने सावकाश उतरा. चढण्यापेक्षा उतरणं कामाचं. आपलं शहर साडेपाचशे मीटरवर, गुलमर्गचा गोंडोला काही वेळात ३,९०० ला नेतो. पहिले एक-दोन दिवस कोंगडोरीच्या वर जाऊ नका. आणि बाइंडिंग लावताना दुकानदाराने वजन, उंची, वय आणि सराव विचारला नाही, बुटाच्या टाचेवर कोरलेली सोलची मिलिमीटर लांबी पाहिली नाही, तर स्की परत करा. बाइंडिंग घट्ट राहिलं तर पडताना सुटत नाही आणि गुडघा फिरतो. सैल राहिलं तर भर वळणात स्की निघून जाते.